‘बाकी कुणाचीच तक्रार नाही’

डोंबिवली, कल्याण किंवा ठाण्यातल्या शाळांत मुख्याध्यापकांच्या खोलीत तक्रार घेऊन गेलेल्या आईबापांना एक वाक्य हमखास ऐकावं लागतं. ‘तुमची एकट्यांचीच तक्रार आहे, बाकी कुणाचीच नाही.’ थोडं रूप बदलून तेच वाक्य सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतं: ‘आमची दोन्ही मुलं त्याच शाळेत शिकली, आम्हाला कधी काही त्रास झाला नाही.’ मग नातेवाईक भर घालतात. मूलच जरा हट्टी असेल, घरी कुणी अभ्यास घेत नसेल. बघता बघता शाळेविषयीची तक्रार त्या घराविषयीची तक्रार होऊन बसते.

या वाक्याचा प्रतिवाद व्हायला हवा. ते बोलणारे खोटं बोलतात म्हणून नव्हे. बहुतेक वेळा ते अगदी खरं बोलत असतात. समाधानी घरांचं समाधान खरं असतं आणि दुखावलेल्या घराचं दुखणंही खरं असतं. चूक आहे ती निष्कर्षात. एकाच फाटकातून आत जाणाऱ्या दोन मुलांना आत एकच शाळा मिळते, हे त्यात गृहीत धरलेलं असतं, आणि आपल्याकडच्या शाळांना तर हे गृहीत अजिबात लागू पडत नाही.

आपल्या भागातली जुनी, नावाजलेली शाळा आतून कशी चालते ते पाहावं. जागा थोडी, मुलं भरपूर, म्हणून दोन अधिवेशनं. सकाळचं मूल सातच्या आत घराबाहेर पडतं, दुपारचं मूल जेवून ऐन उन्हात शाळेत पोचतं आणि दिवेलागणीला परततं. सकाळच्या मुलाची आई लोकल पकडायच्या आधी त्याचा डबा भरू शकते; दुपारच्या मुलाला कुलपाची किल्ली आणि शेजारच्या आजी सांभाळतात. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी लहान मुलांची झोप पुरी होत नसल्याचा मुद्दा काढला. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय जाहीर केला. दोन अधिवेशनांत चालणाऱ्या शाळांची त्यानं मोठी ओढाताण झाली, कारण एका इमारतीत दोन शाळा नांदत होत्या आणि दोघींना पुरेल एवढा दिवस नव्हता.

अधिवेशनांच्या पोटात तुकड्या. मराठी माध्यमाची एखादी, सेमी इंग्रजीच्या दोन. काही तुकड्या अनुदानित, काही विनाअनुदानित. पालकांना हा फरक फी भरताना कळतो. मुलांना तो रोज वर्गात कळतो. अनुदानित तुकडीवर वेतनश्रेणीतल्या, वीस वर्षं मुरलेल्या बाई असू शकतात. तिथंच नव्यानं लागलेला शिक्षक असेल तर २००० साली सुरू झालेल्या योजनेप्रमाणे त्याला पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. हे मानधन प्राथमिकला दरमहा ६ हजार आणि माध्यमिकला ८ हजार रुपयांवर वर्षानुवर्षं अडकून होतं. जानेवारी २०२३ पासून ते १६ आणि १८ हजार झालं. विनाअनुदानित तुकडीवरच्या बाईंना तर तेवढ्याचीही हमी नाही, संस्था देईल तो पगार. त्याही कदाचित अनुभवी बाईंपेक्षा जीव तोडून शिकवत असतील. पण डोंबिवलीत खोलीचं भाडं भरायचं तर त्यांना दुसरीकडे हातपाय मारावे लागतात, आणि जरा बरी जागा मिळाली की दिवाळीनंतर त्या परत येत नाहीत. मग एका तुकडीला वर्षभर एकच वर्गशिक्षिका लाभते आणि शेजारच्या तुकडीला तीन. त्या तिसऱ्या बाईंना मुलांची नावं पाठ होईपर्यंत मार्च येतो.

या दोन तुकड्यांतली दोन घरं जिन्यात भेटतात आणि ‘शाळा कशी आहे’ यावर वाद घालतात. दोघांचंही बरोबर असतं.

त्यातच अनेक शाळांत तुकड्या मागच्या वर्षीच्या गुणांवरून पाडल्या जातात. हुशार मुलं ‘अ’मध्ये, तिथं अनुभवी शिक्षक, स्पर्धांना पाठवायची मुलं तिथलीच, गॅदरिंगचं सूत्रसंचालनही तिथंच. ‘ड’ तुकडीतल्या मुलाला हे कुणी तोंडानं सांगत नाही. पण आठवड्याभरात त्याला ते समजलेलं असतं.

‘हा फरक घरातून येतो, शाळा काय करणार?’ हा पुढचा बचाव. त्याला मोठा आधारही दाखवला जातो. १९६६ साली अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ६ लाख विद्यार्थी आणि ४ हजार शाळा यांचा अभ्यास झाला. मुलांच्या यशात घरच्या परिस्थितीचा वाटा फार मोठा असतो, हे त्याचं निरीक्षण जगभर गाजलं. त्याच अहवालातलं दुसरं निरीक्षण मात्र कमी लोकांनी लक्षात ठेवलं: मुलांच्या गुणांतला बहुतांश फरक शाळाशाळांमध्ये नसून एकेका शाळेच्या आत असतो. म्हणजे ‘कुठली शाळा’ या प्रश्नाच्या उत्तरातून आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ कमी कळतं.

शाळेच्या आतला हा फरक घराचा की वर्गाचा, हे वेगळं काढायचं कसं? टेनेसी राज्यात १९८५ मध्ये सुरू झालेल्या एका प्रयोगानं ते केलं. प्रयोग होता वर्गातली पटसंख्या कमी केली तर काय होतं, हे पाहण्याचा. ७९ शाळा घेतल्या, आणि प्रत्येक शाळेत कोणतं मूल कोणत्या वर्गात आणि कोणते शिक्षक कोणत्या वर्गावर, हे निव्वळ सोडतीनं ठरवलं. वशिला नाही, गुण नाहीत, आईबापांची धडपड नाही. त्यामुळे घराघरांतला फरक सगळ्या वर्गांत सारखा वाटला गेला. पुढे २००४ मध्ये बार्बरा नाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही माहिती पुन्हा तपासली तेव्हा एकाच शाळेतल्या वर्गावर्गांत शिक्षकांमुळे पडलेला फरक ठळकपणे दिसला. २०११ मध्ये राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी तीच मुलं सत्ताविशीत किती कमावतात ते पाहिलं. बालवर्गात चांगला वर्ग वाट्याला आलेल्यांची कमाई अधिक निघाली. शाळा तीच, गाव तेच, वय तेच; फक्त पाचव्या वर्षी चिठ्ठी निघाली ती वेगळ्या खोलीची. हा पुरावा समोर असताना ‘घरचं वातावरण’ म्हणून हात झटकणं बरोबर नाही.

मुलं वेगळी असतात, हेही नाकारायचं कारण नाही. एकाच आईबापांची, एकाच घरात वाढलेली भावंडं एकमेकांपासून इतकी भिन्न का, हा प्रश्न रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी १९८७ मध्येच रीतसर मांडला. एकाच पहिलीत जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं मूल एका बाकावर बसतं. मोठ्या माणसांना अकरा महिने काहीच वाटत नाहीत; सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा तो सहावा-सातवा हिस्सा असतो. केली बेडार्ड आणि एलिझाबेथ ड्यूई यांनी २००६ मध्ये अनेक देशांतल्या मुलांची आकडेवारी तपासली, तर वर्गातली सर्वांत लहान मुलं चौथीतही मोठ्या वर्गमित्रांच्या मागे होती. पेन्सिल धरायला अडखळणाऱ्या डिसेंबरातल्या मुलाच्या डायरीत ‘अक्षर सुधारा’ असा शेरा पडत राहतो, आणि जानेवारीतल्या मुलीची आई सगळ्यांना सांगते की बाई किती प्रेमळ आहेत. मुलं वेगळी असतात ही गोष्ट शाळेच्या बाजूचा पुरावा म्हणून मांडली जाते, हे मोठं आश्चर्य आहे. वेगळी मुलं वेगळी ओळखणं हेच तर शाळेचं काम.

आता फाटकाबाहेरचं. कल्याणचा ब्रिटिशकालीन पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला गेला आणि नवा पूल खुला झाला तो जानेवारी २०२१ मध्ये. कोविडनं शाळा बंद होईपर्यंत पुलापलीकडून येणाऱ्या मुलांच्या व्हॅन त्या कोंडीत रोज अडकत होत्या. शाळेजवळ राहणारं मूल ताजंतवानं प्रार्थनेला उभं, आणि पलीकडचं मूल घामाघूम होऊन, धापा टाकत, उशिरा आल्याबद्दल वर्गाबाहेर उभं. हीच गोष्ट कल्याण-शीळ रस्त्यावर आणि घोडबंदर रोडवर आजही घडते. उशिराचा शेरा मुलाला मिळतो. रस्ता त्यानं खणलेला नसतो.

आईबापांकडे किती वेळ आहे आणि बाईंशी बोलायची भाषा आहे की नाही, यानं तर सगळ्यात जास्त फरक पडतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अ‍ॅनेट लारो यांनी ‘अनइक्वल चाइल्डहुड्स’ या २००३ च्या पुस्तकात हे बारकाईनं दाखवलं. मध्यमवर्गीय आईबाप शिक्षकांशी बरोबरीनं बोलतात, प्रश्न विचारतात, आपल्या मुलासाठी नियमाला मुरड घालून मागतात. कष्टकरी आईबाप शाळेला मान देतात, सगळं तिच्यावर सोपवून मोकळे होतात आणि काही खटकलं तरी गप्प बसतात. ठाण्यात याचा प्रत्यय यायला संशोधनाची गरज नाही. इंग्रजी शाळेच्या ओपन डेला हिरानंदानी इस्टेटमधली नोकरदार आई बाईंसमोर खुर्ची ओढून बसते आणि गुण का कापले ते विचारते. त्याच वर्गातल्या मुलाची सावरकरनगरातली आई, जी त्याच संकुलांत चार घरी स्वयंपाक करते, दाराशी उभी राहून ‘बरं चाललंय ना मॅडम?’ एवढंच विचारते. पहिल्या आईच्या मुलाचा प्रश्न त्या दिवशी सुटतो. दुसऱ्या आईच्या मुलाचा प्रश्न शाळेच्या कानावरच जात नाही, आणि शाळेच्या हिशेबी ती आई ‘तक्रार नसलेली’ ठरते.

शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर आलेल्या मुलांच्या बाबतीत हे फारच टोकाला जातं. २००९ च्या या कायद्याखालचे नियम स्पष्ट सांगतात की या मुलांना वेगळ्या वर्गात किंवा वेगळ्या वेळी बसवता येणार नाही, आणि पुस्तकं, गणवेश, ग्रंथालय, खेळ यांत भेद करता येणार नाही. कागदावर शाळा एकच. प्रत्यक्षात ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारनं अधिसूचना काढली की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागा देण्याचं बंधन नाही. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात तिला स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ ला ती रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हस्तक्षेप करायला नकार दिला. न्याय झाला. पण तोवर शाळा जूनमध्येच सुरू झाल्या होत्या. सोडतीचा निकाल न्यायालयाच्या निर्णयासाठी थांबलेला, आणि ही मुलं वर्गात आली तेव्हा बाकीच्यांच्या मैत्र्या जमलेल्या, पहिली पानं भरलेली, बाकं वाटून झालेली. त्या वर्षी एकाच वर्गातल्या काही घरांचं शालेय वर्ष दीड-दोन महिने उशिरा सुरू झालं आणि बाकीच्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

या मुलांच्या शाळेचा शेवटही वेगळा. कायद्याचं छत्र आठवीपर्यंतच. नववीत त्याच मुलाला त्याच बाकावर बसायला पूर्ण फी पडते. ज्या घराच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख धरून प्रवेश दिला, त्या घरानं ती आणायची कुठून? आठ वर्षं जोडलेले मित्र, सवयीचे शिक्षक, इंग्रजी माध्यम, सगळं एका जूनमध्ये सुटतं. अशा घराला ‘शाळा कशी होती’ असं विचारलं तर उत्तर दुसरंच येणार.

ही सरमिसळ शाळांना पेलवत नाही, असं संस्थाचालक खासगीत म्हणतात. दिल्लीच्या खासगी शाळांत २००७ पासून गरीब मुलांना जागा देणं बंधनकारक झालं, तेव्हाचा गौतम राव यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका वर्गात बसल्यानं सधन मुलं अधिक उदार झाली, गरीब मुलांबद्दलचा दुजाभाव कमी झाला आणि त्यांचे एकूण गुण जवळपास होते तिथंच राहिले. शाळेनं ठरवलं तर हे पेलतं.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांची घरंही अशीच एकटी पडतात. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मिळतात, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ही अक्षमता रीतसर यादीत घेतली. पण सवलतीसाठी प्रमाणपत्र लागतं, आणि डोंबिवली-कल्याणच्या कित्येक आईबापांनी त्यासाठी सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या फेऱ्या मारल्या आहेत. बुद्ध्यंक चाचणी, शैक्षणिक चाचणी, समुपदेशन, प्रत्येकाची वेगळी तारीख. ज्याला रजा मिळते आणि ज्याला मुळात कुणीतरी हे सांगितलेलं असतं, त्याच्या मुलाला पेपरात जादा वेळ मिळतो. दुसरं मूल त्याच शाळेत ‘आळशी’ या शिक्क्यानिशी दहावीपर्यंत जातं. बाईंनी तिसरीत अक्षरांची उलटापालट ओळखली असती तर? एका तुकडीच्या बाईंनी ओळखली, दुसऱ्या तुकडीच्या बाईंनी नाही. ही चूक मुलाच्या घराची कशी?

ऑगस्ट २०२४ मध्ये याच ठाणे जिल्ह्यात, बदलापुरात, दोन लहान मुलींच्या घरच्यांनी शाळेत घडलेल्या अत्याचाराची तक्रार केली. दोनच घरं होती. पोलिसांनी गुन्हा नोंदवायला वेळ लावला, २० ऑगस्टला लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले, आणि त्यानंतर उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याप्रमाणे अशी माहिती मिळाली की ती पोलिसांना कळवणं शाळेवर बंधनकारक आहे, मग तक्रार एकीची असो की शंभर जणींची. प्रत्येक तक्रार इतकी भीषण नसते, हे उघड आहे. पण ‘बाकी कुणाची तक्रार नाही’ हे वाक्य किती धोकादायक सवय लावतं, ते बदलापूरनंतर तरी आपल्याला कळायला हवं होतं.

कायदाही कधीकधी हीच सवय लावतो. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनं पालकांना विभागीय समितीकडे दाद मागायची वाट मिळाली, पण अट अशी की किमान २५ टक्के पालक एकत्र हवेत. दोन हजार मुलांच्या शाळेत याचा अर्थ सुमारे पाचशे. आपलं मूल अजून आठ वर्षं त्याच शाळेच्या हाताखाली आहे, ही जाणीव असताना सही करायला पाचशे जण कुठून येणार? याउलट शिक्षण हक्क कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली मुलाच्या हक्काबाबत कोणीही एक व्यक्ती स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत हे प्राधिकरण म्हणजे महापालिका. किती शाळांच्या सूचनाफलकावर ही माहिती लावलेली दिसते?

शिक्षकांची बाजू खोटी नाही. कायद्यानं प्राथमिकला एका शिक्षकामागे ३० आणि उच्च प्राथमिकला ३५ मुलं ठरवली आहेत. आपल्याकडच्या भरगच्च वर्गात उभं राहिलं की हे आकडे दूरचे वाटतात. २०२४ या एका वर्षात ठाणे आणि कल्याण पट्ट्यात २० मे रोजी लोकसभेचं आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं, आणि दोन्ही वेळा शिक्षक निवडणुकीच्या कामाला जुंपले गेले. काही पालक खरोखर अवाजवी असतात, अर्ध्या गुणासाठी बाईंना रात्री दहाला फोन करतात. हे सगळं मान्य. थकलेल्या बाईंना दोष द्यायचा हा लेख नाही. त्यांना चाळीस-पन्नास मुलं देणारी, त्यांच्या शेजारच्या तुकडीवर वर्षात तीन माणसं बदलणारी आणि मग आलेल्या आईला ‘तुमचीच तक्रार’ म्हणून परत पाठवणारी व्यवस्था उत्तरदायी आहे.

मुख्याध्यापकांनी अशा वेळी बाकीच्यांना मोजत बसू नये. कुठलं अधिवेशन, कुठली तुकडी, कधीपासून, त्या आधी त्या वर्गावर कोण होतं, घर किती लांब, भेटीची वेळ कामावरच्या माणसाला जमते का, हे प्रश्न आधी यायला हवेत. तक्रारी तुकडीवार लिहून ठेवल्या तर दोन वर्षांत शाळेला स्वतःविषयी जे कळेल, ते दहावीच्या निकालाच्या फलकावरून कधीच कळणार नाही. दर वर्षी रस्त्यारस्त्यांवर लागणाऱ्या त्या शंभर टक्क्यांच्या फलकावर नववीत ‘झेपणार नाही’ म्हणून काही शाळांनी बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरायला लावलेली मुलं नसतात.

आणि समाधानी पालकांची जी मोजणी केली जाते, तिच्यात सगळ्यात मोठी खोट हीच आहे: ज्यांचा अनुभव सर्वांत वाईट होता ती घरं पालकसभेला बसलेलीच नसतात. ती दाखला काढून निघून गेलेली असतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो आणि त्यात बहुधा ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढंच लिहिलेलं असतं. गेल्या पाच वर्षांत अधल्यामधल्या इयत्तेतून दाखला नेलेल्या घरांची यादी प्रत्येक शाळेच्या कार्यालयात आहे, फोन नंबरांसकट. त्या घरांना फोन करून विनंतीमागचं कारण विचारायला एका लिपिकाचे चार दिवस पुरतील, आणि ती उत्तरं पुढच्या पालकसभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवावीत.